पुणे जिल्ह्याएवढी जागा, माणसं ५,४५५

माळावरची | ११ ऑगस्ट, रात्री ९:४०

मंडळी, जुलैत ओमाहाहून व्हॅलेंटाइन नावाच्या गावी जाऊन आलो. साधारण पाचशे किलोमीटर, सगळं अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातच. चेरी काउंटीचं हे मुख्य ठिकाण. परतल्यावर सहज क्षेत्रफळ बघितलं आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय.

चेरी काउंटी सुमारे १५,५६० चौ.किमी. आपला पुणे जिल्हा १५,६४३ चौ.किमी. म्हणजे जवळपास बरोबरीत. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ लाख २९ हजार. चेरी काउंटीची २०२० मध्ये ५,४५५. हजार-बिजार राहिलेलं नाही, पूर्ण आकडा एवढाच आहे. त्यातले २,६३३ एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये. उरलेले अठ्ठावीसशे लोक जुन्नर ते इंदापूर एवढ्या पसाऱ्यात विखुरलेले, असं डोळ्यासमोर आणा.

रस्त्यावर लेकाने समोरून येणाऱ्या गाड्या मोजल्या. शंभर किलोमीटरमध्ये अकरा. त्यातल्या नऊ जणांनी स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करून रामराम केला. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, आपल्या गाडीचं काहीतरी लोंबतंय.

मला पडलेला प्रश्न असा: १९२० मध्ये याच काउंटीत ११,७५३ लोक होते. शंभर वर्षांत निम्म्याहून कमी झाले. तिथल्या मोटेलवाल्या बाई म्हणाल्या, "आम्ही संपत चाललोय." पण बाहेरून बघताना संपल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. कुंपणं नीट, गुरं धष्टपुष्ट, गवत कमरेएवढं. मग जागा ओस पडली म्हणायचं की मुळात एवढीच माणसं मावणारी जागा आहे ही?

चहाबाज | रात्री ९:५२

५,४५५? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात याहून जास्त लोक रोज सुप्रभात घालतात.

अक्षांश_रेखांश | रात्री १०:१५

छान धागा. थोडं गणित माझ्याकडून. माणशी पावणेतीन चौ.किमीच्या वर जागा येते, म्हणजे दरडोई सुमारे सातशे एकर. पुणे जिल्ह्यात एका चौ.किमीत सहाशे माणसं.

अजून एक गंमत, काउंटीच्या आत घड्याळ बदलतं. पूर्वेचा भाग सेंट्रल वेळेवर, पश्चिमेचा माउंटन वेळेवर. व्हॅलेंटाइनमध्ये दहा वाजले की त्याच काउंटीतल्या मेरिमनमध्ये नऊ. एकाच जिल्ह्यात दोन वेळा पाळायच्या.

चहाबाज | रात्री १०:१८

आमच्या ऑफिसातही दोन वेळा पाळतात. साहेबाची आणि बाकीच्यांची.

वैनगंगा | रात्री १०:४०

गडचिरोलीवाला बोलतोय. आमचा जिल्हा १४,४१२ चौ.किमी, म्हणजे तुमच्या चेरीच्या जवळपास. लोकसंख्या १० लाख ७३ हजार, चौ.किमीला ७४. महाराष्ट्रात सगळ्यात विरळ आम्ही, म्हणून प्रत्येक भाषणात "विरळ लोकसंख्येचा दुर्गम जिल्हा" ऐकत मोठे झालो. आता हे वाचून वाटून राह्यलं की आम्ही तं भरगच्च आहो बे!

विचारायचं हे की तिथं काउंटी म्हणजे नेमकं काय? कलेक्टर असतो का?

माळावरची | रात्री ११:०५

@वैनगंगा, कलेक्टर नाही. मोजके आयुक्त मतदानाने निवडून येतात, शेरीफसुद्धा निवडणूक लढवून येतो. घर-जमिनीचं मूल्य ठरवणारा वेगळा, कर गोळा करणारा वेगळा. रस्ते, तुरुंग, जमिनीच्या नोंदी हा काउंटीचा कारभार. खर्च बराचसा जमिनीवरच्या करातून. माणसं कमी असली तरी रस्ते तेवढेच लांब, हे दुखणं तिथं सगळ्यांच्या तोंडी होतं.

दिवेलागण | १२ ऑगस्ट, सकाळी ७:२०

सिंधुदुर्गातून लिहितेय. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची घटली. आमची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांच्या खाली आली. आमच्या वाडीत अकरा घरं, दिवा लागतो चार घरांत. गणपतीत मात्र पडवीत पाय ठेवायला जागा नसते.

त्या मोटेलवाल्या बाईंचं दुःख कळतं मला. "गवत हिरवं आहे, गुरं चांगली आहेत" हे पाहुण्याला दिसतं. आमच्याकडे येणारेही म्हणतात, किती शांत, किती सुंदर! शांत असणारच, बोलायला कोण उरलंय?

दगडधोंडे | सकाळी ९:१०

भूगर्भवाल्याने तोंड घालायची वेळ झाली.

चेरी काउंटीचा बहुतेक भाग सँडहिल्समध्ये येतो. नावाप्रमाणे वाळूच्या टेकड्याच आहेत. पश्चिम गोलार्धातला वाळूच्या टेकड्यांचा सगळ्यात मोठा पट्टा, सुमारे पन्नास हजार चौ.किमी, काही टेकड्या शंभर मीटरहून उंच. फरक एवढाच की या टेकड्यांवर गवताने पांघरूण घातलंय. गवत आहे तोवर टेकडी जागेवर. नांगर घातला, किंवा एकाच जागी गुरं फार चारली, की वारा वाळू उचलायला लागतो आणि खळगा पडत जातो. त्याला तिकडे ब्लोआउट म्हणतात. खळगा वाढू नये म्हणून लोक पूर्वी त्यात गाड्यांचे जुने टायर नेऊन टाकायचे.

पाऊस जेमतेम पाचशे मिलीमीटर. पण वाळूमुळे तो वाहून न जाता सरळ खाली मुरतो. खाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे आणि त्याचा सगळ्यात जाड थर याच टेकड्यांखाली. काही ठिकाणी तीनशे मीटरपर्यंत. म्हणून टेकड्यांच्या मधल्या सखल भागात तळी दिसतात, नायोब्रारासारखी नदी उन्हाळ्यातही आटत नाही. म्हणजे पाणी आहे, जमीन आहे, पण नांगर चालत नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे.

मेंढका | सकाळी ९:४५

पाचशे मिलीमीटर म्हणजे आमच्या माणदेशाएवढाच की! आणि आमच्याकडं आठशे फूट बोअर मारला तरी फुफाटा निघतो. खाली कातळ असल्यावर काय व्हणार.

गवताचं मात्र शंभर टक्के पटलं. आमचं म्हातारं सांगायचं, माळाला पाठ फिरवून बसू द्यावं. एका जागी कळप चार दिसापेक्षा जास्त बसवायचा नाही. आम्ही फिरतो ते काही हौस म्हणून नाही. तिकडं कसं करतात? फिरतात का?

डॉ_शिंगवाले | दुपारी १:३०

@मेंढका, माणसं फिरत नाहीत, कुंपणं फिरवल्यासारखं करतात. मी पशुवैद्य. शिकायला नेब्रास्काच्या राजधानीत, लिंकनला होतो तेव्हा सहा आठवडे चेरी काउंटीत एका रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या माळावर काढले. माळाचे तुकडे पाडलेले असतात, गुरं एकातून दुसऱ्यात हलवतात. प्रत्येक तुकड्यात पवनचक्की आणि खाली पत्र्याचा गोल हौद. वीज नाही, मोटार नाही. चक्की वाऱ्यावर करकरत पाणी उपसत राहते. जुलैत सखल ओल्या भागातलं गवत कापून गंजी लावायच्या आणि हिवाळाभर तेच घालायचं.

आता हिशेब ऐका, मला तो मालकाने गाडीच्या बोनेटवरच्या धुळीत बोटाने करून दाखवला होता. एक गाय आणि तिचं वासरू वर्षभर पोसायला तिथं साधारण १५ ते २० एकर माळ लागतो. एका कुटुंबाचं नीट भागायला काही शे गाई हव्यात. करा गुणाकार. कुटुंबामागे हजारो एकर झाले. शेजारी दिसणारच नाही, आणि दिसला तर कुणाचं तरी पोट उपाशी आहे असं समजायचं! मांसासाठीच्या गाईंच्या संख्येत ही काउंटी देशात पहिल्या रांगेत आहे. आकडा लाखाच्या वर. माणशी वीस-पंचवीस गाई येतात.

आमच्या फलटणकडच्या दोन जर्सी सांभाळणाऱ्या माणसाला हे सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टर, एवढ्या गाईंच्या धारा काढणार कोण? धार काढतच नाहीत, सगळं दूध वासराला, हे कळल्यावर त्याने विषयच सोडला.

चहाबाज | दुपारी १:४१

डॉक्टर, मग चहाला दूध कुठून आणतात?

डॉ_शिंगवाले | दुपारी १:५०

दुकानातून. सत्तर किलोमीटरवरून. खरंच सांगतोय.

कोपरखळी | दुपारी २:३५

१९२० चा आकडा इतका मोठा कसा, हे कोणी सांगितलंच नाही. १९०० मध्ये ६,५४१, १९१० मध्ये एकदम १०,४१४. दहा वर्षांत एवढी माणसं काय आभाळातून पडली?

जुनी_वही | दुपारी ४:२०

@कोपरखळी, आभाळातून नव्हे, कायद्यातून. १९०४ चा किंकेड कायदा. नेब्रास्काचे खासदार मोझेस किंकेड यांनी आणला. त्याआधी सरकारी जमीन वसाहतदाराला १६० एकर मिळायची. पश्चिम नेब्रास्कात तेवढ्यावर भागत नाही हे दिसल्यावर मर्यादा चौपट केली, ६४० एकर. पाच वर्षं राहायचं, काहीतरी सुधारणा करून दाखवायची, की जमीन तुमची. लोक लोटले. त्यांना किंकेडर म्हणत.

झाडं नाहीत, लाकूड नाही. मग मुळासकट गवताची ढेकळं विटांसारखी कापून त्यांची घरं. आणि चुलीत काय? माळावर वाळलेलं शेण. आपल्याकडे रानशेण्या वेचतात तशाच बायका-पोरं पोती घेऊन वेचत फिरत.

या लोंढ्यात कृष्णवर्णीय कुटुंबंही होती. नॉर्थ लूप नदीच्या काठी १९०७ मध्ये डीविटी वसलं. नेब्रास्कातली कृष्णवर्णीय वसाहतदारांची सगळ्यात मोठी वस्ती, तीही याच चेरी काउंटीत. काही कुटुंबं कॅनडातल्या ओंटारिओतून आली होती, गुलामीतून निसटून तिकडे गेलेल्यांचे वंशज. पुढे वस्तीचं नाव ऑडेशस झालं, म्हणजे धाडसी. शाळा होती, चर्च होतं. १९३० च्या दशकात सगळं रिकामं झालं. आज महामार्गाकडेला फलक आहे, तेवढंच.

आता डॉक्टरांच्या धुळीतल्या हिशेबात ६४० एकर टाकून बघा. पस्तीस-चाळीस गाई. त्यात कुटुंब जगत नाही. काहींनी नांगर घातला, तर दगडधोंडे म्हणतात तो वारा आला. पाच वर्षं काढायची, सातबारा नावावर झाला की शेजारच्या मोठ्या रँचवाल्याला विकून निघायचं, असं अनेकांनी केलं. म्हणून मला वाटतं, १९२० चा आकडा हा त्या जमिनीचा बहर नव्हता, सूज होती. ती उतरली.

दिवेलागण | दुपारी ४:५५

जुनी_वही, माहिती सुरेख, पण "सूज" खटकलं. १९४० मध्येही तिथं साडेनऊ हजार लोक होते, हे मी आत्ताच शोधलं. किंकेडर जाऊन वीस वर्षं झाली होती. १९७० ला ६,८४६. म्हणजे उतरण पुढेही चालूच आहे, आणि त्याला १९०४ चा कायदा पुरत नाही. ट्रॅक्टर आला, दहा माणसांचं काम दोघांवर आलं. मुलं शिकायला गेली ती लिंकन-ओमाहाची झाली. इकडे मुंबई, तिकडे ओमाहा. गवताचा हिशेब सांगून हे झाकता येत नाही.

जुनी_वही | सायं. ५:१०

मान्य. शब्द मागे घेतो. अर्धा तरी.

भटकी | सायं. ५:३०

सगळे १९०० पासून मोजताहेत म्हणून एक आठवण. व्हॅलेंटाइनच्या उत्तरेला काही मैलांवर राज्याची हद्द, पलीकडे साउथ डकोटात लाकोटा लोकांचं रोझबड राखीव क्षेत्र. १८८० च्या सुमारास फोर्ट नायोब्रारा ही लष्करी छावणी उभी राहिली ती त्यांच्यावर नजर ठेवायलाच. काउंटीला नाव मिळालं त्या छावणीच्या सॅम्युअल चेरी या लेफ्टनंटचं, १८८१ मध्ये त्याची हत्या झाली. १८८३ मध्ये काउंटी आणि पाठोपाठ रेल्वे. म्हणजे "रिकाम्या" जमिनीवर लोक आले असं नाही, आधी ती रिकामी केली गेली. शिरगणतीचा तक्ता १८९० पासून सुरू होतो म्हणून माणसंही तेव्हापासूनच सुरू होतात असं नाही.

अक्षांश_रेखांश | सायं. ५:४२

@भटकी +१. मी इतकी वर्षं समजत होतो की चेरीची झाडं असतील.

दगडधोंडे | सायं. ५:५०

नदीकाठी चोकचेरी नावाची आंबट फळं असतात बरं का. पण नावाशी संबंध नाही.

चहाबाज | सायं. ६:०२

आणि व्हॅलेंटाइन? निदान ते तरी प्रेमावरून असू द्या.

माळावरची | सायं. ६:२०

नाही हो! एडवर्ड व्हॅलेंटाइन नावाच्या खासदारावरून. पण गावाने ते मनावर घेतलेलं नाही. रस्त्याच्या पाट्यांवर बदाम आहेत आणि फेब्रुवारीत लोक मुद्दाम तिथल्या टपालाचा शिक्का मारून घ्यायला पाकिटं पाठवतात.

@भटकी, हे मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. धन्यवाद.

कोपरखळी | रात्री ८:१५

थोडं अवांतर. नेब्रास्कातच, चेरीपासून पूर्वेला बॉइड काउंटीत मोनोवाय नावाचं गाव आहे. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या १. एक आजी. त्याच महापौर, त्याच कारकून, त्याच ग्रंथपाल, स्वतःच्या खानावळीचा परवाना स्वतःच द्यायच्या. २०२० ला आकडा आला २! आजींनाच पत्ता नाही की दुसरं कोण राहतंय.

उलगडा असा की अमेरिकेचं जनगणना खातं आता व्यक्तीची माहिती उघड होऊ नये म्हणून छोट्या ठिकाणांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ करतं. पूर्ण राज्याची एकूण संख्या तेवढी जशीच्या तशी ठेवतात. म्हणजे धागाकर्तीचे ५,४५५ सुद्धा दोन-चार इकडेतिकडे असू शकतात. हलके घ्या.

वैनगंगा | रात्री ८:३०

एकटीच्या गावात भूत कोण ते सरकारनंच पाठवलं म्हणा!

मेंढका | रात्री ८:४४

त्या म्हातारीला विचारा, ग्रामसभेला कोरम भरतो का.

नवी_सून | रात्री ९:३०

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही चेरीच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावात होतो. (नवऱ्याची नोकरी शाळेत. गावाचं नाव नको, सगळे सगळ्यांना ओळखतात.) आकडे वाचून मजा वाटते, पण आठव्या महिन्यात बर्फाची सूचना आली तेव्हा मजा नव्हती. बाळंतपणाची सोय असलेला दवाखाना दीड तासावर. तिथल्या बायकांनी परस्पर ठरवून मला दोन आठवडे आधीच त्या गावी एका आजींच्या घरी नेऊन ठेवलं. आजींना मी पूर्वी कधी भेटलेही नव्हते. त्या मला १९४९ च्या हिमवादळाच्या गोष्टी सांगायच्या, लष्कराचे बुलडोझर आले होते आणि अडकलेल्या गुरांसाठी विमानातून गवत टाकलं होतं त्याच्या.

एका गोष्टीचा राग मात्र अजून आहे. आधीच्या एका दवाखान्याने ऐनवेळी "आम्ही आता प्रसूती करत नाही" असं फोनवर सांगून टाकलं होतं. माणसं कमी म्हणून सोय बंद, सोय बंद म्हणून तरुण जोडपी येत नाहीत, मग माणसं आणखी कमी. आम्ही पण निघालोच शेवटी.

दिवेलागण | रात्री ९:४१

नवी_सून, लिहीत रहा गं. माझं म्हणणं तू चार ओळींत सांगितलंस.

डॉ_शिंगवाले | रात्री १०:०५

खरं आहे. माझा धुळीतला हिशेब गाईंना लागू पडतो, दवाखान्याला नाही. गवत ठरवतं की किती कुटुंबं राहतील, पण शाळा-दवाखाना टिकायला किती लागतात ते वेगळंच गणित आहे आणि ही दोन गणितं तिथं जुळत नाहीत.

एक चांगलं उदाहरणही आहे. याच काउंटीत कोडी नावाचं दीडशे-पावणेदोनशे वस्तीचं गाव. वाण्याचं दुकान नव्हतं. शाळेतल्या पोरांनी गावाच्या मदतीने दुकान उभं केलं, भिंती चक्क गवताच्या गाठोड्यांच्या, २०१३ पासून पोरंच चालवतात. गावच्या पाटीवर लिहिलंय की हे गाव मरायला फार चिवट आहे.

अक्षांश_रेखांश | १३ ऑगस्ट, सकाळी ८:००

धागाकर्तीसाठी प्रश्न: गाड्यांच्या पाट्यांवर तिथे काउंटीचा नंबर असतो ना? १९२२ मध्ये कुठे किती गाड्या होत्या त्या क्रमाने ९३ काउंट्यांना नंबर दिले होते. चेरीचा ६६.

चहाबाज | सकाळी ८:०९

पुणेकरांना १२ मिळाला त्याचा केवढा माज! ६६ वाल्यांकडे रस्ता तरी आहे गाडी चालवायला.

मेंढका | सकाळी ८:३०

धागा शेती विभागात हलवा राव, इथं खाली जाऊन हरवेल. वाचनखूण साठवली.

माळावरची | १६ ऑगस्ट, रात्री १०:१०

चार दिवस यायला जमलं नाही, सगळ्यांचं वाचलं. "मुळात एवढीच मावणारी जागा" याकडे माझा कल होता. नवी_सूनचा प्रतिसाद वाचल्यावर तेवढ्यावर थांबता येत नाहीये. त्या मोटेलवाल्या बाईंनी बोलता बोलता सांगितलं होतं की त्यांच्या नातीच्या वर्गात चौघेच आहेत. मी ते तेव्हा गमतीत घेतलं होतं.

@अक्षांश_रेखांश, हो, ६६. आमच्या ओमाहाच्या पाट्यांवर आता नंबर नसतो. आज दुपारी डॉज स्ट्रीटवर, भर गर्दीत, समोरून ६६ ची पिकअप आली. चाकांपर्यंत शेणमातीने माखलेली. माझं बोट आपोआप वर गेलं. त्यानेही केलं. लेक मागून ओरडला, "आई, बारावी!"

चहाबाज | रात्री १०:१६

लक्ष्मी रोडवर बोट वर करून बघा. कोणतं बोट वापरलं त्यावर पुढचं ठरेल.